नसलेला गिअर बदलण्याची कला

समीक्षा ही पुस्तकांची, नाटकांची आणि फार तर दिवाळी अंकांची करायची असते, असा आपल्याकडे समज आहे. गिअरबॉक्सची समीक्षा कुणी करत नाही. तशात माझ्यासारख्या कॉमर्सच्या पदवीधरानं, बँकेच्या काउंटरवर बसून ती करणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा, असंही काहीजण म्हणतील. म्हणोत बापडे! नाटकातल्या नटाच्या खोट्या मिशीवर दोन रकाने लिहिले जातात, तर मोटारीतल्या खोट्या गिअरवर दोन पानं लिहायला काय हरकत आहे?

आता गिअर खोटा कसा, ते आधी सांगतो. साध्या गाडीत गिअर म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. पहिला, दुसरा, तिसरा. मध्ये पाय ठेवायला जागा नाही. सीव्हीटी नावाच्या प्रकारात हा जिनाच काढून टाकलेला असतो आणि तिथे उतरंड असते. दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा एक पट्टा. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर बसवलेले दोन शंकू. शंकू जवळ आले की पट्टा वर चढतो, लांब गेले की आत उतरतो. एक पुली लठ्ठ झाली की दुसरी बारीक होते. संसारात असतं तसंच. आमच्या भाषेत सांगायचं तर साध्या गिअरबॉक्सचं व्याज तिमाहीला जमा होतं आणि सीव्हीटीचं क्षणाक्षणाला. फायदा असा, की इंजिनाला सोयीच्या फेऱ्यांवर बसवून ठेवता येतं. पेट्रोल वाचतं, धक्के बसत नाहीत.

ही कल्पना नवी नाही. हॉलंडच्या डाफ कंपनीनं १९५८ साली असल्या पट्ट्यांची छोटी मोटार लोकांपुढे मांडली होती. आपल्याकडे तर ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा स्कूटर आली, ती याच कुळातली. तिच्यावर आमच्या वडिलांनी सगळी पेठ पालथी घातली. पुढे मी, मागे आई आणि हँडलला भाजीची पिशवी अशा अवस्थेत त्यांनी कधी ‘गिअर बदलल्यासारखं वाटत नाही हो,’ अशी तक्रार केली नाही. गिअर नाहीत याच आनंदात ते होते.

पण मोटारवाल्याचं दुखणं निराळं. सीव्हीटीच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी एका सुरात ओरडू लागतं आणि वेग मागाहून, पगारवाढीच्या थकबाकीसारखा, सावकाश येतो. गिऱ्हाईक म्हणालं, “हे काय? गाडी पळते की रबर ताणलं जातंय?” मग कंपन्यांनी शक्कल काढली. संगणकाला सांगितलं, की पुली सहा-सात ठरावीक जागी थांबव, त्या जागांना गिअर म्हण आणि स्टिअरिंगच्या मागे दोन कान बसव. उजवा ओढला की अधिक, डावा ओढला की उणे. यांना म्हणतात पॅडल. भारतात २०१४ साली आलेल्या होंडा सिटीच्या पेट्रोल सीव्हीटीत असे सात गिअर होते. होते म्हणजे मानायचे होते.

म्हणजे पाहा, आधी जिना पाडून उतरंड बांधली आणि मग गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी उतरंडीवर चुन्यानं पायऱ्या रंगवल्या!

यातली मौज पुढेच आहे. पॅडलं आली मोटारींच्या शर्यतीतून. १९८९ साली फेरारीनं ती फॉर्म्युला वनमध्ये आणली आणि ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत मॅन्सेल जिंकला. सीव्हीटीही शर्यतीच्या दारापर्यंत गेली होती. १९९३ साली विल्यम्सनं ती चाचणीत चालवून पाहिली. पण १९९४च्या नियमांनी तिला दारातच अडवलं. तर शर्यतीत गाजलेलं पॅडल आणि शर्यतीनं नाकारलेली गिअरपेटी, असं हे विजोड लग्न आपल्या घरगुती गाडीत लागलेलं आहे.

आमच्या मेहुण्याकडे अशी एक गाडी आहे. “दाजी, आता बघा हं!” असं म्हणून तो डावं पॅडल ओढतो. इंजिन गुरगुरतं, फेऱ्यांचा काटा टुणकन वर जातो आणि मेहुणा माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो, की जणू तो काटा त्यानं स्वतः उचलून ठेवला. वस्तुस्थिती अशी, की त्यानं फक्त अर्ज केला आहे. पॅडल ओढणं हा अर्ज, मंजुरी संगणकाची. वेग फार असताना खालचा गिअर मागितला, की अर्ज फेटाळला जातो. नाहीतर इंजिनाचे फेरे हद्दीबाहेर जातील. फेरे लाल रेषेला टेकले आणि याच्या लक्षात आलं नाही, तर बहुतेक गाड्या न विचारताच वरचा गिअर टाकतात. वेग कमी झाला तर खालचाही आपणच घेतात. आणि डी मध्ये असताना पॅडल ओढून हा थोडा वेळ गप्प बसला, तर गाडी मुकाट्यानं आपल्या मूळ चालीवर येते. रजेवर गेलेल्या मॅनेजरच्या खुर्चीत हेडक्लार्कला बसवतात ना, तेवढाच हा अधिकार!

बरं, यानं गाडी जास्त पळते म्हणावं, तर तेही नाही. जोरात पळायचं असेल तर पॅडल विसरून पाय खाली दाबावा. संगणक इंजिनाला ताकदीच्या फेऱ्यांवर धरून ठेवतो. पायऱ्यांवर अडवलं की दर पायरीला फेरे खाली पडतात. म्हणजे पैसे मोजून घेतलेला गुण बाजूला ठेवायचा आणि आवाज ऐकायचा.

मग पॅडल निव्वळ नाटकी आहे का? नाही. त्याचं एक खरं काम आहे आणि तेच फार थोडे लोक करतात. पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाट लागतो. डी मध्ये पाय उचलला, की पेट्रोल वाचवायच्या सवयीनं सीव्हीटी फेरे खाली आणते आणि इंजिन गाडीला फारसं धरत नाही. काही गाड्या उतार ओळखून स्वतःच आवरतात, सगळ्या नाही. मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि ऐन वळणावर ते ढिले पडू शकतात. तिथे डावं पॅडल दोनदा ओढावं. पुली जागा बदलते, फेरे वाढतात, इंजिन गाडीला मागून पदर धरल्यासारखं ओढून धरतं. इथे गिअर मानीव असला, तरी मिळणारा रोध अगदी खरा असतो. पॅडल नसलं तर बऱ्याच गाड्यांत एल किंवा एस वर दांडी नेऊनही हे काम होतं.

आमचा मेहुणा सपाट हायवेवर पॅडलं ओढओढ ओढतो आणि घाटात मात्र ब्रेकवर पाय ठेवून गप्पा मारतो. मागच्या सीटवर माझी बायको, म्हणजे त्याची सख्खी बहीण, आणि दोन पोरं बसलेली असतात. म्हणून ही समीक्षा थोडी कडक झाली आहे.

तेव्हा निकाल असा. सीव्हीटी ही उत्तम, मितभाषी नटी. तिला दिलेली गिअरची भूमिका साफ चुकीची. पॅडलवाला नायक हायवेवर अतिअभिनय करतो. घाटातला त्याचा एकच प्रवेश तेवढा अस्सल आहे. कंपनीनं जाहिरातीत त्याच प्रवेशाचा फोटो छापावा, म्हणजे प्रेक्षक सुखरूप घरी पोचतील.