'सेंड' आणि 'कॉपी' : दोन क्रियापदांचा विचार

झीरोएमक्यू या संदेशवहनाच्या लायब्ररीच्या रचनेविषयी प्रस्तुत लेखकाची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या क्रियापदांविषयी. 'सेंड' यशस्वी झाले म्हणजे संदेश रांगेत लागला, एवढेच. तो पुढे रवाना झाला याची ग्वाही त्यात नाही. जांभूळहून बदलापूरला येऊन पेटीत पत्र घालणारा मनुष्य 'पत्र टाकले' म्हणतो, 'पोचले' म्हणत नाही. मराठीने हा भेद क्रियापदातच सांभाळला आहे. टाकलेले पत्र आपले उरत नाही, हेही येथे लागू पडते. यशस्वी 'सेंड'नंतर संदेश-वस्तू रिकामी होते व मजकुराची जबाबदारी लायब्ररीकडे जाते. 'सेंड' फसले तर मात्र ती आपल्याकडेच राहते आणि 'क्लोज' आपणांसच करावे लागते. विद्यार्थी हे हटकून विसरतात.

'कॉपी' हे नाव तर दिशाभूल करणारेच मानावे लागेल. नक्कल म्हणजे असलाहून वेगळा कागद. येथे अगदी लहान संदेशाची तशी नक्कल होते. मोठ्या संदेशाचा मजकूर मात्र दोन्ही वस्तूंत सामाईक राहतो, आणि एकीत केलेला फेरफार दुसरीतही उमटतो. परिणामी लहान नमुन्यावर निर्दोष ठरलेला प्रोग्राम मोठ्या संदेशावर बिघडतो. दस्तऐवजात सावधगिरीची सूचना आहे खरी. परंतु नाव वाचून थांबणारा वाचक तेथवर जात नाही.