शब्दसाम्य आणि भाषाकुल

दोन भाषांत शब्दांचे साम्य दिसताच त्यांचे कुल एक मानण्याचा मोह जुना आहे. लिलियास ओंबुर्जे या फ्रेंच विदुषीने फुलानीचे नाते प्राचीन मिसरी भाषेशी जोडले आणि पुढे आफ्रिकी भाषांचा धागा द्राविडी भाषांपर्यंत नेला. परंतु जोसेफ ग्रीनबर्ग यांच्या १९६३ च्या वर्गीकरणात फुलानी नायजर-काँगो कुलात गेली, मिसरी आफ्रो-आशियाई कुलात.

मराठीत हाच प्रश्न विश्वनाथ खैरे यांच्या 'द्रविड महाराष्ट्र' (१९७७) व 'अडगुलं मडगुलं' या ग्रंथांनी उभा केला. संस्कृत, मराठी आणि तमिळ यांचा एकत्र विचार करणाऱ्या त्यांच्या 'संमत' विचाराने, प्रायः संस्कृतकडेच पाहणाऱ्या व्युत्पत्तिचर्चेला दक्षिणेकडे वळविले. निरर्थक समजल्या गेलेल्या बालगीतांतील शब्दांनाही अर्थ असू शकतो, ही त्यांची दृष्टी मोलाची आहे.

तथापि ध्वनींची जुळणी म्हणजे प्रमाण नव्हे. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' हे शब्द उच्चाराने व अर्थाने जुळतात; त्यांचे मूळ मात्र एक नाही. उलट तमिळ 'पाल' व कन्नड 'हालु' (दूध), 'पुलि' व 'हुलि' (वाघ), 'पत्तु' व 'हत्तु' (दहा) या जोड्यांत आरंभीच्या 'प'चा 'ह' नियमाने होतो. नाते सिद्ध होते ते या नियमामुळे. सुटा शब्द, कितीही मोहक असला तरी, अशी साक्ष देऊ शकत नाही.

शिवाय वारसा निराळा आणि उसनवारी निराळी. 'तूप', 'अडकित्ता', 'अक्का' हे शब्द कन्नडच्या शेजाराची खूण आहेत. 'मी', 'तू', 'दोन', 'तीन' प्राकृताच्या वाटेने आले. 'नव्हे', 'नये', 'नको' ही निषेधाची स्वतंत्र क्रियारूपे मात्र द्राविडी धाटणीची आठवण देतात. म्हणूनच मराठीच्या घडणीत भाषासंकराचा शोध घेणारा फ्रँकलिन साउथवर्थ यांचा १९७१ चा निबंध शब्दसूचींहून अधिक विचारणीय ठरतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे साहित्यसंमेलनही तेथेच भरले. अशा वेळी प्राचीनत्वाचा अभिमान स्वाभाविक आहे. पण पुराव्यावाचून लाभलेले प्राचीनत्व पहिल्याच आक्षेपाने ढळते. खैरे यांनी विचारलेले प्रश्न जतन करावेत; त्यांची उत्तरे नियमांच्या कसोटीवर पुन्हा घासून पाहावीत. त्यांच्या परिश्रमांचा खरा आदर त्यातच आहे.