‘जैत रे जैत’मधील डोंगर आणि इर्शाळवाडी

गो. नी. दांडेकर यांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीत डोंगर हे एक पात्रच आहे. ठाकरांच्या नाग्याला लिंगोबाचा डोंगर म्हणजे साक्षात देव. त्याच्यापुढे नमायचे, त्यालाच जाब विचारायचा, आणि प्रसंगी त्याच्या कड्यावरील राणीमाशीशी हाडवैर धरायचे. पुण्यवंत होण्याची आस बाळगणारा नाग्या एक डोळा गमावतो, अखेर पोळी उठवून जैत मिळवतो. त्या विजयाचे मोल मात्र चिंधीच्या प्राणांनी फेडले जाते. डोंगर ऐकतो, हा विश्वास या साऱ्याच्या तळाशी आहे. १९७७ साली जब्बार पटेल यांच्या चित्रपटाने तो घरोघरी पोहोचवला. इतका, की पुष्कळांच्या स्मरणात कादंबरीपेक्षा ढोलच अधिक घुमत राहिला.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडीही ठाकरांचीच. सत्तावीस मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा सत्तावन्न माणसे बेपत्ता होती. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदत पायवाटेने चढून गेली आणि अवजड यंत्रे खालीच राहिली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत वाडीचे नाव नव्हते.

अशा घटनेनंतर ‘डोंगर कोपला’, ‘डोंगराने गाव गिळले’ अशी वाक्ये सहज लिहिली जातात. ती नाग्याच्या विश्वातून उसनी आणलेली आहेत. नाग्याच्या तोंडी कोपाची भाषा खरी ठरते, कारण तो त्या देवाशी बांधलेला आहे आणि भांडणाची किंमतही स्वतः मोजतो. दूरस्थ कवीच्या लेखणीत तीच भाषा पळवाट होते. कोप म्हटला की अपराध आला. मग तो कोणाचा, हा प्रश्न मोघम सोडून देता येतो. सह्याद्रीच्या कातळावरील मुरूम-मातीचा थर पावसाने जड होऊन पकड सोडतो, यात डोंगराचा राग नाही. त्या मानाने ‘दरड कोसळली’ हे रुक्ष वाक्य अधिक प्रामाणिक आहे. तेही अपुरे आहेच, कारण यादी आणि रस्ता त्यात येत नाहीत.

पण याचा दोष दांडेकरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांच्या ठाकरांचे जग रान, देव आणि देहबळ यांनी भरलेले आहे. सरकारदरबार त्याच्या केंद्रात नाही. ही त्या कलाकृतीची मर्यादा, आणि तिच्या सौंदर्याची अटही. खरी अडचण नंतरच्या लेखनाची आहे. चिंधीचा देह नाग्यासमोर आहे, म्हणून तिचा शोक आकार घेऊ शकतो. सत्तावन्न माणसांचे देहच नसताना विलापिका कोणाला उद्देशून लिहायची, याचे उत्तर मराठी शोककाव्याच्या परिचित रीतीत सापडत नाही.

पुणे जिल्ह्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले. तेथे दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रोजच्या वाटेने आलेल्या एस. टी.च्या चालकाला गाव दिसेना, आणि त्याच्याकरवी ती वार्ता बाहेर पोहोचली. त्या हकिकतीत एकही उपमा नाही. इर्शाळवाडीवर लिहू पाहणाऱ्या लेखकाला असा साक्षीदारही मिळणार नाही, कारण तेथवर एस. टी. जातच नव्हती.