हिऱ्यापासून गुन्हेगारापर्यंत

दसरा सरला, की उमापूर परिसरातील ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आईवडील फडात, मुले आजीपाशी आणि मुलांच्या हाती मोबाइल. त्यावर ज्या गायकाचे शब्द घुमतात, तोही आजीच्याच छायेत वाढला, हे त्यांना बहुधा ठाऊक नसते. मुंबईच्या अंधेरीतील जे. बी. नगरचा हा विवियन फर्नांडिस. आई पोटासाठी परदेशी गेलेली. ‘डिव्हाइन’ या नावाने तो रॅप गातो. नाव ईश्वरी अर्थाचे, आणि माणूस आपल्याच ख्रिस्ती समाजातला. म्हणूनच ‘पोरांचा गोंगाट’ म्हणून त्याच्या गीतांकडे पाठ फिरविणे आम्हांस रास्त वाटत नाही.

‘ये मेरा बॉम्बे’ (२०१३) आणि नेझीसह गायिलेले ‘मेरे गली में’ (२०१५) या गीतांचा नायक गायक नव्हे, वस्ती आहे; गायक तिचा साक्षीदार आहे. रॅप हा प्रकार अमेरिकेचा खरा, पण भाषा मुंबईच्या नाक्यावरची. शाहिरी ऐकत आलेल्या कानाला हा शब्दांचा ठेका परका वाटू नये. आमच्या मते हेच त्याचे सर्वोत्तम काम होय.

डिव्हाइन व नेझी यांच्या जीवनावरून सुचलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ (२०१९) गाजला. बांधणी उत्तम, अभिनय जीव ओतून केलेला. पडद्यावर फर्नांडिस मात्र नाही. नायक मुराद, त्याचा सोबती श्रीकांत भोसले. हे थोडे खटकते, पण आमचा मुख्य आक्षेप तो नव्हे. टाळ्यांचा कडकडाट झाला, की कथा संपते, हा आहे. गल्लीतून मंचावर पोहोचणे म्हणजेच जणू तारण!

गायकाने स्वतः मात्र कथा तेथे संपविलेली नाही. त्याच्या संग्रहांची नावेच पाहावीत: ‘कोहिनूर’ (२०१९), ‘पुण्य पाप’ (२०२०), ‘गुनेहगार’ (२०२२). कीर्तीच्या भरात हिऱ्याचे नाव मिरविणारा माणूस तीन वर्षांत गुन्हेगाराची पाटी लावतो. यात बाजाराचा हिशेबही असेल. परंतु एवढ्यावरून ते नाटक ठरत नाही. संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’ लिहिले ते बिशप झाल्यावर, आणि दहाव्या भागात तो तारुण्यातील नव्हे, तर त्या घडीच्या मोहांची झडती घेतो. फरक श्रोत्याचा आहे. ऑगस्टीन देवाशी बोलतो. डिव्हाइन प्रेक्षकांशी बोलतो, आणि प्रेक्षक टाळ्या देतो, क्षमा देऊ शकत नाही. त्यामुळे त्याच्या कबुलीत मधूनच बढाई डोकावते.

आमच्या धर्मग्रामांतील युवक मेळाव्यात ‘गली बॉय’ दाखवायचा असेल, तर त्याच संध्याकाळी ‘पुण्य पाप’ही ऐकवावे. त्याच्या गीतांत शिव्या येतात, हे पालकांना आधीच सांगून ठेवलेले बरे.