शंभर ग्रॅम हळद कोण खातो?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक तक्ता हमखास आढळतो. रंगीत कार्डशीटवर डाव्या बाजूस हळद, जिरे, धने, मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता यांचे नमुने लहान पिशव्यांत घालून चिकटवलेले असतात. उजव्या बाजूस प्रथिने, कॅल्शियम, लोह, 'क' जीवनसत्त्व यांचे आकडे आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष : 'लोहात हळद पहिली, कॅल्शियममध्ये जिरे पहिले.' तक्ता सुबक असतो, मुलांनी त्यासाठी मेहनत घेतलेली असते आणि आकडेही बहुधा बरोबर असतात. तरीही असा तक्ता मुलांना पोषणाविषयी चुकीचे शिकवतो असे आमचे मत आहे.

आकडे येतात कोठून ते आधी पाहू. आपल्याकडे या विषयाचा आधारग्रंथ म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांवरील पुस्तक. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमणियन यांच्या या पुस्तकाची सुधारित आवृत्ती १९८९ साली निघाली आणि पाठ्यपुस्तकांपासून दिनदर्शिकांच्या मागच्या पानांपर्यंत सर्वांनी तिच्यातून आकडे उचलले. याच संस्थेने २०१७ साली नव्याने केलेली कोष्टके प्रसिद्ध केली. दोन्ही पुस्तकांत प्रत्येक पदार्थाचे मूल्य १०० ग्रॅमला दिलेले आहे. आहारतज्ज्ञाला हिशेबासाठी कोणते तरी एक समान माप लागतेच, त्यामुळे त्यात गैर काही नाही. गफलत होते ती हे माप तुलनेचे माप म्हणून वापरले की.

हळदीचेच पाहा. जुन्या पुस्तकाप्रमाणे १०० ग्रॅम हळदीत ६७.८ मिलिग्रॅम लोह असते. आकडा डोळे दिपवणारा आहे. शाळेत किशोरवयीन मुलांना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. पण चार माणसांच्या घरात दिवसभराच्या आमटी-भाजीला सढळ हाताने घातली तरी हळद चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम लागते. माणशी पाऊण ग्रॅम. त्यातून मिळणारे लोह अर्धा मिलिग्रॅम. १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी २०२० च्या शिफारशींनुसार रोज ३० मिलिग्रॅम लोह धरलेले आहे. याच मुलीने साठ ग्रॅम पिठाची बाजरीची भाकरी खाल्ली, तर तिला जवळजवळ पावणेपाच मिलिग्रॅम लोह मिळते. बाजरीचा आकडा १०० ग्रॅमला अवघा ८ आहे, त्यामुळे प्रदर्शनातल्या तक्त्यात बाजरी हळदीपुढे अगदीच गरीब दिसेल. ताटात मात्र हळदीच्या नऊपट लोह भाकरीनेच दिलेले असते.

हे केवळ गणिताचे कौतुक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. शिक्षकांनी हे प्रमाण आपल्या वर्गाच्या पटाशी जुळवून पाहावे. अशा मुलीच्या आईला शाळेतून 'हळद-दूध द्या, हळदीत फार लोह असते' असा सल्ला मिळाला, तर ती माउली तो इमानाने पाळील, आणि निळी गोळी मळमळते म्हणून दप्तरातच राहील. तक्त्याखालच्या निष्कर्षाची खरी किंमत ही अशी मोजावी लागते.

हळदीच्या लोहाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हळद हा जमिनीत वाढणारा कंद आहे. तो उकडून, वाळवून, घासून, लोखंडी यंत्रात दळला जातो. या वाटेवर मातीतले आणि यंत्राचे लोह थोडेफार मिसळणारच, आणि ते रासायनिक परीक्षेत मोजले जाते. असे बाहेरून आलेले लोह शरीराला कितपत उपयोगी पडते, हा वेगळा प्रश्न. कोथिंबिरीच्या पानांचे लोह जुन्या कोष्टकांत १८.५ मिलिग्रॅम छापलेले आहे, १९८९ च्या आवृत्तीत ते १.४२ आहे. तेराव्या हिश्शावर आले! आजही कित्येक पुस्तकांत जुनाच आकडा फिरत असतो. पालेभाजी किती स्वच्छ धुतली, नमुना कोणत्या मातीतला होता, पृथक्करणाची रीत कोणती, यांवर आकडा बदलतो. म्हणून दोन वेगवेगळ्या पुस्तकांतले आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडू नयेत. प्रदर्शनात हा प्रकार सर्रास होतो.

आता ओल्या-सुक्याचा घोळ. धने आणि कोथिंबीर ही एकाच झाडाची दोन रूपे. तक्ता सांगतो की धन्यांत ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि कोथिंबिरीत १८४. मुले निष्कर्ष काढतात की धने साडेतीनपट सरस. पण कोथिंबिरीच्या १०० ग्रॅममध्ये ८६ ग्रॅम पाणी असते, धन्यांत जेमतेम ११. पाणी वजा करून दोन्ही शुष्क वजनावर आणा. कोथिंबिरीचे कॅल्शियम १३४० च्या घरात जाते, धन्यांचे ७१० पर्यंतच पोहोचते. क्रम उलटला! आठवीच्या वर्गाला त्रैराशिकाचा यापेक्षा चांगला धडा आम्हांला सुचत नाही. मात्र तेवढ्याने कोथिंबीर जिंकली असेही म्हणायचे कारण नाही. वाळवताना तिच्यातले 'क' जीवनसत्त्व (ओल्या पानांत १०० ग्रॅमला १३५ मिलिग्रॅम) बरेचसे नाहीसे होते. शुष्क कोथिंबीर हा हिशेबापुरता पदार्थ आहे, खाण्याचा नव्हे.

कढीपत्त्याची गंमत तर विचारूच नका. १०० ग्रॅमला ८३० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणून तो तक्त्यात मिरवतो. फोडणीत पडतात आठ-दहा पाने. ती दोन ग्रॅम भरली असे धरले तरी सबंध कुटुंबासाठी सतरा मिलिग्रॅम कॅल्शियम झाले. आणि जेवताना आपण करतो काय? पाने बोटाने बाजूला सारून ताटाच्या कडेला लावतो. एक कप दुधात याच्या दसपट कॅल्शियम असते आणि ते कोणी कडेला काढून ठेवत नाही.

मग मसाल्याच्या पदार्थांना पोषणमूल्य नाहीच का? तसे म्हणणेही एकांगी होईल. एखादा पदार्थ थोडा खाल्ला जातो म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. मिठातले आयोडीन पाहा. ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम, पण प्रौढाची रोजची गरजच मुळी १५० मायक्रोग्रॅम असल्याने चिमूटभर पदार्थही भरीव वाटा उचलतो. प्रमाण, रोजचा वापर आणि गरज हे तीन आकडे एकत्र आल्याशिवाय तुलना होतच नाही.

काही पदार्थ मसाल्याच्या डब्यातून बाहेर पडून खरोखरीचे अन्न होतात. तीळ हे आपल्याकडचे उत्तम उदाहरण. भाजीवर भुरभुरलेल्या तिळांनी काही साधत नाही, पण लाडवातून किंवा चटणीतून वीस ग्रॅम तीळ पोटात गेले तर २९० मिलिग्रॅम कॅल्शियम झाले. त्यातले काही ऑक्झलेटमुळे शरीराला मिळत नाही हे खरे, तरी उरते ते थोडके नसते. जुडीभर कोथिंबिरीच्या वड्या केल्या की कोथिंबीर पालेभाजी होते. मेथीदाण्यांचा मधुमेहावरचा जो अभ्यास राष्ट्रीय पोषण संस्थेत झाला, त्यात रोजची मात्रा २५ ते १०० ग्रॅम होती. लोणच्याच्या खारातली मेथी खाऊन साखर उतरेल असे मानणाऱ्यांनी ही मात्रा ध्यानात ठेवावी.

आणि मसाल्याचे काही गुण तक्त्याच्या चौकटीत मावतच नाहीत. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धान्ये-कडधान्यांबरोबर कांदा वा लसूण असता त्यांतले लोह आणि जस्त अधिक सुटे होते असे दिसले. हे प्रयोगशाळेतील पचनाचे प्रयोग होते, माणसांवरचे नव्हेत. उलट २००६ साली थायलंडमधील तरुण स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात जेवणात मिरची असता लोहाचे शोषण ३८ टक्क्यांनी घटले, हळदीने मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे लसणाची आणि मिरचीची पोषणातली कामगिरी त्यांच्या स्वतःच्या लोहावरून कळणारच नाही. ती शेजारच्या भाकरीच्या आणि डाळीच्या लोहाचे काय होते त्यावरून कळेल.

मिऱ्याने हळदीचा गुण वाढतो, हेही अलीकडे सर्वतोमुखी झाले आहे. त्याचा उगम १९९८ साली बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासात आहे. त्यात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर रक्तातील कर्क्युमिन सुमारे वीसपट शोषले गेले. पण हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्केच असते. दोन ग्रॅम कर्क्युमिन मिळवायला सुमारे पासष्ट ग्रॅम हळद लागेल. पुन्हा आपण शंभर ग्रॅमच्या आसपास येऊन ठेपलो!

यंदाच्या प्रदर्शनासाठी मुलांनी हाच तक्ता करायला घेतला तर त्यांना अडवू नये. फक्त आणखी दोन रकाने पाडायला सांगावे : 'आमच्या घरी माणशी रोज किती ग्रॅम' आणि 'रोजच्या गरजेपैकी किती टक्के'. पहिला रकाना भरण्यासाठी महिन्याचा किराणा उपयोगी पडतो. महिन्याला जिरे किती आणले, माणसे किती, दिवस किती, असा भागाकार करायचा. प्रयोगशाळेतला तराजू यासाठी लागत नाही. कोथिंबीर-कढीपत्त्यासाठी मात्र तो लागेल, आणि कढीपत्ता जेवणाआधी व जेवणानंतर असा दोनदा तोलावा.