स्थानिक स्वराज्य संस्थांविरुद्धच्या तक्रारींची शासकीय चौकशी : पारदर्शकतेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांमुळे (१९९२) ग्रामपंचायती व नगरपालिकांना घटनात्मक दर्जा प्राप्त झाला. सत्तेबरोबर निधी आला आणि निधीबरोबर गैरव्यवहाराच्या तक्रारीही आल्या. या तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार मात्र शासनयंत्रणेकडेच राहिला. चौकशी होते किंवा नाही, एवढाच प्रश्न महत्त्वाचा नाही. ती कोण करतो, तिचा निष्कर्ष कोणाच्या हाती पडतो आणि ज्या नागरिकांच्या पैशाविषयी ती झाली त्यांना तो कळतो काय, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे.

कायदेशीर चौकट व तिच्या मर्यादा :
महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ३९ नुसार गैरवर्तन, कर्तव्यातील कसूर इत्यादी कारणांवरून सरपंच वा सदस्यास पदावरून दूर करता येते. त्यासाठी विभागीय आयुक्तांच्या आदेशाने जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी चौकशी करून अहवाल सादर करावयाचा असतो. संबंधित व्यक्तीला बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. ही तरतूद न्याय्यच आहे. परंतु अहवालाचा प्रवास खालून वर, म्हणजे आयुक्तांकडे होतो. ग्रामसभेकडे तो होत नाही.

येथे रचनेतील एक दोष लक्षात घ्यावा लागतो. ग्रामपंचायतीचा आर्थिक व्यवहार सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) यांच्या संयुक्त स्वाक्षरीने चालतो आणि ग्रामपंचायत अधिकारी हा जिल्हा परिषदेचाच कर्मचारी असतो. त्यामुळे चौकशी करणारी यंत्रणा काही अंशी आपल्याच कर्मचाऱ्याच्या कामाची चौकशी करीत असते. २०२२ पासून काही वर्षे राज्यातील अनेक नगरपरिषदा व महानगरपालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात तर कारभार करणारा आणि त्याची चौकशी करणारा, दोघेही शासननियुक्तच होते. अशा स्थितीत अहवाल जनतेसमोर येणे हाच विश्वासार्हतेचा आधार ठरतो.

तक्रारदाराचे स्थान :
महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ मधील कलम ५५अ व ५५ब यांच्याशी संबंधित रवी यशवंत भोईर विरुद्ध जिल्हाधिकारी, रायगड या प्रकरणात (२०१२) उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांविरुद्धचा अपात्रतेचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. लोकनियुक्त व्यक्तीला पदच्युत करण्याचा निर्णय सबळ पुराव्यावर आधारलेला व सकारण असला पाहिजे, हे न्यायालयाने अधोरेखित केले. त्याचबरोबर तक्रारदाराला अशा कार्यवाहीत साक्षीदारापलीकडे स्थान नाही, असेही स्पष्ट केले. राजकीय वैमनस्यातून होणाऱ्या तक्रारींचा विचार करता ही भूमिका समर्थनीय आहे. तथापि तिचा परिणाम असा की, तक्रार करणारा नागरिक चौकशीचा पक्षकार राहत नाही आणि निकालाची प्रत त्याला मिळेलच याची शाश्वती राहत नाही. मग त्याच्यापुढे उरतो तो माहितीच्या अधिकाराचा मार्ग.

माहितीचा अधिकार आणि नकाराची सवय :
स्वतंत्र माहिती अधिकार कायदा २००२ मध्येच करणाऱ्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता, हे येथे आठवावे. केंद्रीय अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(ज) नुसार तपासात अडथळा येणार असेल तरच माहिती नाकारता येते. केवळ चौकशी सुरू आहे हे कारण पुरेसे नाही. अडथळा कसा येईल हे दाखविले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात (२००७) स्पष्ट केले. तरीही ‘चौकशी प्रलंबित आहे’ हे उत्तर नकारासाठी वापरले जाते.

चौकशी संपल्यावर कलम ८(१)(ञ) पुढे केले जाते. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात (२०१२) कर्मचाऱ्याला दिलेल्या नोटिसा व शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती मानली गेली. तो निर्णय सेवक व नियोक्ता यांच्या संबंधातून आलेला होता. तो लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांना सरसकट लावणे तर्काला धरून नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे या उपकलमात झालेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि त्यातील व्यापक जनहिताचा अपवाद वगळला गेला. कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद कायम असली, तरी नकार देणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

गोपनीयतेची योग्य मर्यादा :
संपूर्ण खुलेपणा हा यावरील उपाय नव्हे. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच बदनामी होणे हाही अन्यायच आहे आणि लहान गावात साक्षीदाराचे नाव उघड होणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून टप्पानिहाय पारदर्शकता इष्ट होय. चौकशी चालू असताना तिची व्याप्ती, चौकशी अधिकारी व अपेक्षित मुदत जाहीर असावी. साक्षीदारांची ओळख मात्र सुरक्षित राहावी. चौकशी पूर्ण होताच सकारण अहवाल ग्रामसभेपुढे अथवा नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जावा. कलम १० नुसार संवेदनशील भाग वगळून उर्वरित माहिती देण्याची सोय कायद्यात आहेच.

निष्कर्ष :
बंद अहवालाने दोघांचेही नुकसान होते. दोषी व्यक्ती लोकांच्या प्रश्नांपासून सुटते आणि निर्दोष व्यक्तीवरील संशय कधीच पुसला जात नाही. ज्या ग्रामसभेने अंदाजपत्रकावर चर्चा करावी अशी अपेक्षा आहे, तिला त्याच खर्चाच्या चौकशीचा निष्कर्ष कळू नये, ही विसंगती दूर झाल्याशिवाय विकेंद्रीकरणाला पूर्णत्व येणार नाही.