गोडसे भटजींचे सत्तावन्न

शाळेत शिकलेले १८५७ म्हणजे मीरत, कानपूर, झाशी आणि पाठ केलेल्या सनावळ्या. त्यामागची माणसे भेटतात ती विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जोसेफ प्लम मार्टिन नावाचा एक पोरसवदा शिपाई होता. १८३० साली छापलेल्या त्याच्या आठवणींत सेनापतींपेक्षा भूक आणि थंडीच जास्त भेटते. गोडसे भटजींचेही तसेच आहे. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. तोफगोळे, लपून काढलेले दिवस, मग घरोघरची लूट. सोन्यानाण्यापाठोपाठ भांडीकुंडी आणि धान्यही गेले. भटजी शौर्याचा आव आणत नाहीत. घाबरलो, तर घाबरलो असे सरळ लिहितात.

म्हणूनच त्यांची लक्ष्मीबाई खरी वाटते. काल्पीकडच्या वाटेवर विहिरीपाशी ती तहानलेली भेटते. भटजी पाणी काढू लागतात, तर विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून ती स्वतःच काढून घेते. अर्धा शेर तांदूळ पुरेल अशी आपण विधवा, तरी हा उद्योग पत्करला, असे बोलते. पुतळ्यांतली राणी असे बोलत नाही.

पुस्तकात उणिवा आहेत. ते १८८३ च्या सुमारास, पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिले. ऐकीव भागात तपशील चुकतात. जग दिसते ते भिक्षुकाच्या नजरेने, त्यामुळे इतर जातींची माणसे कडेलाच राहतात. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये ते प्रसिद्ध करताना मजकुरात फेरफारही केले. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली. वाचायची तर ती वाचावी.

वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेलेले भटजी घरी आले ते गंगेची कावड घेऊन. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. कर्जापायी परमुलखात गेलेला आणि दुसऱ्यांच्या लढाईत सापडलेला हा माणूस आम्हा गुदैबियाकरांना परका वाटू नये. १९९० मध्ये कुवेतमधून लाखाहून अधिक भारतीय असेच जीव मुठीत धरून निघाले; त्यांत मराठी घरेही होती. त्यांतले कुणी आपल्या ओळखीत असतील, तर त्यांच्याकडून ते दिवस लिहून घ्यायला हवेत. ते लेखक नसले तरी चालेल. गोडसे भटजीही नव्हते.